फॉरमॅट मारण्याआधी

डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावात संगणकाला दुसरी हार्ड डिस्क बसवली जाते ती हौसेने नव्हे, गरजेने. पंचायतीचा संगणक असो, दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राचा असो, लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचा असो की शाळेचा. पाच-सात वर्षांत त्यातली जागा भरत येते. नवा घ्यायला पैसे नसतात, डिस्क मात्र घेता येते. जवळचा बाजार डहाणूचा किंवा कासाचा. तिथे हवी ती मिळाली नाही तर मुंबईला, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला जावं लागतं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे तो सव्वाशे किलोमीटरचा पल्ला सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतका आटोक्यात आला आहे. जुनी डिस्क जागच्या जागी ठेवायची, शेजारच्या खाचेत दुसरी बसवायची, दोन केबली जोडायच्या, झाकणाचे स्क्रू आवळायचे आणि बटण दाबायचं. कित्येकदा याच क्षणी घोटाळा होतो. पंखा फिरतो, दिवा लागतो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ येऊन थांबते: ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’. नाहीतर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. नाहीतर नुसतीच एक रेघ लुकलुकत राहते. पेटी उचलून दुकानात नेली की उत्तर बहुधा तयार असतं: विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल. या उत्तराविषयी मला बोलायचं आहे, कारण ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. दुसरी डिस्क बसवल्याबरोबर संगणक चालू होईनासा झाला, तर त्यातली विंडोज उडाल्याची शक्यता सगळ्यात शेवटी तपासायची असते. सुरुवात तिथून करायची नसते.

असं का म्हणायचं, ते कळायला बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत काय घडतं ते नीट पाहावं लागतं. प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. विंडोज कुठे आहे, किती डिस्का जोडल्या आहेत, यातलं काही नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम त्याला पहिल्या सूचना देतो. बायॉस रॅम तपासतो, कीबोर्ड तपासतो, जोडलेल्या डिस्कांची यादी करतो आणि मग त्या यादीतल्या पहिल्या नावाकडे जातो. त्या डिस्कच्या अगदी सुरुवातीचा ५१२ बाइटांचा एक तुकडा तो वाचतो. हा तुकडा इतका लहान की या परिच्छेदाची एक ओळसुद्धा त्यात मुश्किलीने दोन-तीनदा मावेल. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे पुढचा प्रोग्राम कसा उचलायचा याच्या सूचना, पुढचे ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या चार वाटण्यांचा तक्ता आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे ठरलेली खूण. खूण जुळली की बायॉस आपलं काम संपलं असं धरतो आणि सगळा कारभार त्या ४४६ बाइटांच्या हाती सोपवतो. ते बाइट विंडोजचे आहेत, लिनक्सचे आहेत, की कोणा दुसऱ्याच संगणकात पूर्वी घातलेल्या आणि आता निम्म्या पुसल्या गेलेल्या विंडोजचे उरलेले आहेत, हे बायॉस पाहत नाही. त्याला ते पाहता येतही नाही. ही रीत आयबीएमच्या १९८१ सालच्या पर्सनल कॉम्प्युटरपासून चालत आली आहे. त्या यंत्राला हार्ड डिस्कच नव्हती. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला तेव्हा त्यात १० मेगाबाइटांची एक डिस्क होती. कुठल्या डिस्ककडे आधी जायचं, हा प्रश्न त्या यंत्राच्या मालकाला फारसा पडण्याचं कारणच नव्हतं.

दुसरी डिस्क आली की हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर कोणी दिलेलं नसेल तर बायॉस स्वतःच्या समजुतीने काहीतरी ठरवतो. कित्येक मदरबोर्डांची खोड अशी की नवं साधन दिसलं की त्याला यादीत सगळ्यात वर बसवायचं. काही बोर्ड खाचेच्या क्रमांकाने जातात. बसवणाऱ्याने घाईत नवी डिस्क पहिल्या खाचेत आणि जुनी तिसऱ्या खाचेत घातली असेल तर यादी फिरते. नवी डिस्क कोरी असेल तर तिच्यात खूणच नसते. बायॉस पुढे सरकतो किंवा तिथेच थांबून ती पांढरी ओळ दाखवतो. डिस्क वापरलेली असेल, म्हणजे कोणाच्या बंद पडलेल्या संगणकातून काढलेली असेल, तर गोष्ट आणखी फसवी होते. तिच्यात खूण असते, सूचना असतात, पण त्या सूचना ज्या फाइलकडे बोट दाखवतात ती फाइल तिथे नसते. मग पडद्यावर ‘बूट एमजीआर इज मिसिंग’ असं येतं आणि वाचणारा समजतो की आपली विंडोज गेली. आपली विंडोज शेजारच्या डिस्कवर जशीच्या तशी असते. तिला कोणी हाकच मारलेली नसते. याची परीक्षा घेणंही सोपं आहे. संगणक चालू होताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबली की डिस्कांची यादी समोर येते. त्यातली जुनी डिस्क निवडायची. विंडोज उघडली तर निदान झालं. एकही बाइट बदलला नाही, स्क्रूड्रायव्हर लागला नाही. मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसच्या आत जायचं, हार्ड डिस्कांच्या क्रमात जुनी वर घ्यायची आणि बदल जतन करायचा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, आणि आधी ते करून न पाहता फॉरमॅट मारणं म्हणजे ताप कशाचा हे न बघता सलाईन लावणं.

क्रमाचा हा पेच नवा नाही, त्याची जागा मात्र बदलत गेली आहे, आणि ते समजून घेतलं की निरनिराळ्या वयाच्या संगणकांत काय शोधायचं ते कळतं. वीस वर्षांपूर्वीच्या आयडीई डिस्कांत तो चक्क धातूत होता. एकाच चपट्या, रुंद केबलीवर दोन डिस्का बसत आणि त्यातली मास्टर कोण नि स्लेव्ह कोण ते डिस्कच्या पाठीमागच्या पिनांवर चढवलेल्या तांदळाएवढ्या जम्परने ठरे. दोन्ही मास्टर झाल्या की दोन्ही दिसेनाशा होत. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कांवर तर एकटी असण्याची मांडणी वेगळी आणि सोबत स्लेव्ह असलेल्या मास्टरची वेगळी होती. म्हणजे नव्या डिस्कचा जम्पर बरोबर असूनही जुन्या डिस्कचा हलवावा लागे, आणि जुनीला तर आपण हातही लावलेला नसतो म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. ऐंशी तारांच्या केबलीला तीन रंगांची तोंडं असत: निळं मदरबोर्डला, काळं टोकाच्या मास्टरला, करडं मधल्या स्लेव्हला. देणगीत मिळालेले जुने संगणक ज्या शाळांत अजून चालतात, तिथे हे रंग अजूनही उपयोगाला येतात. २००३ च्या सुमारास साटा आली आणि प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळाली. जम्पर गेले आणि भांडण मिटलं असं वाटलं. पण क्रम धातूतून निघून बायॉसच्या यादीत जाऊन बसला. त्यानंतर जुन्या बायॉसच्या जागी यूईएफआय आलं. त्यात बूट करण्याच्या फाइली एका वेगळ्या लहान वाटणीत राहतात आणि मदरबोर्ड त्या वाटणीचा पत्ता लक्षात ठेवतो. दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्कांना जुना ६४ बाइटांचा तक्ता पुरत नाही, म्हणून जीपीटी नावाचा नवा तक्ता आला. आणि जुन्या पद्धतीचा बायॉस जीपीटीवर घातलेली विंडोज सुरू करू शकत नाही, म्हणून बायॉसमधली एक निवड इकडची तिकडे झाली तरी पडदा काळा राहतो. लॅपटॉपमधल्यासारखी एम.टू डिस्कची पट्टी टेबलावरच्या संगणकात बसवली तर आणखी एक गंमत घडते, जी मदरबोर्डच्या पुस्तिकेत लहान अक्षरांत छापलेली असते: काही बोर्डांवर ती खाच भरली की साटाच्या एक-दोन खाचा आपोआप बंद होतात. नेमकी जुनी डिस्क त्याच खाचेत असेल तर ती दिसेनाशी होणार. तिला झालेलं काहीच नसतं. केबल शेजारच्या खाचेत घातली की ती परत दिसू लागते.

या बाबतीत लिनक्सवाल्यांनी मिळवलेलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. तिथे डिस्कांना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावं मिळत. दुसरी डिस्क लावली की कालची ए आज बी होई आणि ए वर आपलं घर आहे असं समजून बसलेली यंत्रणा वाऱ्यावर. यावर उपाय म्हणून प्रत्येक वाटणीला तिच्या जन्मापासूनचा एक लांबलचक ओळख क्रमांक देऊन त्याच क्रमांकाने तिला शोधण्याची पद्धत रूढ झाली. डिस्क कुठल्याही खाचेत घाला, क्रमांक तोच. यूईएफआयमधली वाटणी शोधण्याची रीतही याच विचारावर उभी आहे. यातून एक गोष्ट सिद्ध होते: यंत्रणा घडवणाऱ्यांनीच मान्य केलं की या बिघाडाचं मूळ डिस्कमध्ये नाही, ओळखण्याच्या पद्धतीत आहे. मग दुरुस्ती करणाऱ्याने डिस्कच पुसून काढायची, याला काय आधार उरतो?

आता यावर कोणी म्हणेल की सगळंच काही क्रमाचं नसतं. तारा, वीज, जोडण्या यांचंही काही असतं. असतंच, आणि ते कारण तर फॉरमॅटच्या आणखी विरुद्ध जातं. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागते त्या पहिल्या काही क्षणांत ती १२ व्होल्टांच्या तारेवर जवळजवळ दोन अँपिअर ओढते; एकदा वेग आला की तिची भूक तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. दोन डिस्का एकदम फिरू लागल्या की जुन्या, स्वस्तातल्या एसएमपीएसला, म्हणजे पेटीतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, तो पहिला झटका झेपत नाही. पाकिटावर ४५० वॉट छापलेले असले तरी आतलं सामान तेवढ्या ताकदीचं असतंच असं नाही. त्यात पावसाळ्यात पाड्यांवरचा दाब वर-खाली होतो. १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांसाठी वीज तयार करणारं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र याच डहाणू तालुक्यात आहे, ही गोष्ट दिवा मंद झाला की इथल्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते; कान देऊन ऐकलं तर तो सूर चढता-उतरता ऐकू येतो. बायॉस तोवर यादी करून मोकळा झालेला असतो. अशा वेळी पुन्हा एकदा बटण दाबलं की कधी कधी सगळं सुरळीत चालू होतं, आणि हेच वीज कमी पडत असल्याचं लक्षण आहे. इथे फॉरमॅट मारून विंडोज नव्याने घातली तर उद्या सकाळी तीच गत होणार, कारण एसएमपीएस तोच आहे.

जोडण्यांचंही असंच. साटाच्या सुरुवातीच्या केबलींना अडकवायची पत्र्याची कडी नव्हती. त्या नुसत्या घट्टपणावर टिकत. पेटी उघडून आत हात घालताना कोपर लागून जुन्या डिस्कची केबल अर्धा मिलिमीटर सरकते, रॅमची पट्टी एका टोकाला उचलली जाते. आणि दुकानात चालू करून दाखवलेला संगणक घरी आणल्यावर बंद, या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा डहाणूहून गावाकडे येणाऱ्या रस्त्यात असतं. भरलेल्या रिक्षात मांडीवर किंवा एसटीत पायाशी ठेवलेल्या पेटीला जे हादरे बसतात त्यांच्यापुढे तो नुसता घट्टपणा पुरत नाही. म्हणून जी पहिली परीक्षा सांगितली तिच्या जोडीला दुसरी: वीज काढायची, नव्या डिस्कच्या दोन्ही केबली सोडवायच्या आणि आधी होतं तसं करून चालू करून पाहायचं. चालू झाला तर जुनी विंडोज शाबूत आहे हे निर्विवाद ठरलं. नाही झाला तर बहुधा आपल्याच हाताने आत काहीतरी हललं आहे. जुन्या केबली आणि रॅम काढून पुन्हा दाबून बसवायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

एका कारणाकडे मला मुद्दाम थांबून पाहावंसं वाटतं, कारण त्यात निर्दोष डिस्कवर आळ येतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टांची एक गोल बॅटरी असते. बायॉसमधल्या निवडी आणि घड्याळ तिच्यावर चालतं. काही वर्षांनी ती मरते. पण संगणक भिंतीतल्या विजेला जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज सतत मिळत राहते, म्हणून बॅटरी मेल्याचं कोणाला कळत नाही. दुसरी डिस्क बसवण्यासाठी वायर काढली जाते, पेटी तास-दोन तास विजेविना राहते आणि तेवढ्यात सगळ्या निवडी मूळपदावर जातात. डिस्कांचा क्रम तर जातोच, पण त्याबरोबर साटाची पद्धत, म्हणजे डिस्कशी बोलण्याची रीतही बदलते: विंडोज घातली तेव्हा ती आयडीई असेल तर आता एएचसीआय होते, किंवा उलट. विंडोज अर्धी उघडते आणि निळा पडदा येतो, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. निळा पडदा पाहिला की भल्याभल्यांचा धीर सुटतो. बसवलेल्या डिस्कनेच हे केलं असं बसवणारा शपथेवर सांगेल, कारण तिच्याआधी सगळं ठीक होतं. पण बायॉसमध्ये जाऊन तारीख पाहिली तर ती भलत्याच जुन्या वर्षाची असते आणि खरा गुन्हेगार सापडतो. बॅटरी बदलायची, साटाची पद्धत पूर्ववत करायची. निळा पडदा जातो. लगोलग येणाऱ्या दोन घटनांतली पहिली दुसरीचं कारण असते असं मानण्याची आपली सवय इथे किती महागात पडते ते या उदाहरणातून दिसतं.

दुकानदाराची बाजू मला कळते, आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. निदानाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. फॉरमॅटला किती लागेल ते सांगता येतं. गिऱ्हाईक निदानाचे पैसे द्यायला कुरकुरतं, विंडोज टाकण्याचे देतं, कारण ते काम डोळ्यांना दिसतं. बाहेर अजून तीन पेट्या रांगेत असतात. शिवाय वर्षानुवर्षं साचलेला कचरा आणि व्हायरस फॉरमॅटने जातात, संगणक हलका होतो, गिऱ्हाईक खूश होतं. हे सगळं खरं आहे. तरीही या विशिष्ट दुखण्यावर फॉरमॅट हा इलाज म्हणूनही कच्चा आहे. दोन्ही डिस्का जोडलेल्या असताना विंडोज नव्याने घातली की घालणारा प्रोग्राम बूट करण्याच्या फाइली बायॉसच्या यादीतल्या पहिल्या डिस्कवर टाकू शकतो आणि विंडोज मात्र दुसऱ्या डिस्कवर. संगणक चालू होतो, सगळे समाधानी. सहा महिन्यांनी ती पहिली डिस्क काढली, खराब झाली किंवा दुसरीकडे लावली की हा संगणक पुन्हा आंधळा, आणि या वेळी कारण शोधणं जास्त अवघड. शिवाय विंडोज घालताना डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘ड्राइव्ह ०’, ‘ड्राइव्ह १’, वाटण्या, त्यांचा आकार आणि मोकळी जागा एवढंच दिसतं, आतल्या फाइली दिसत नाहीत. दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर कुठली पुसायची आणि कुठली ठेवायची यात घाईत सहज चूक होते. जिच्यावर पाच वर्षांचं काम आहे ती हातून पुसली जाते, आणि कोरी डिस्क कोरीच राहते. निदान फॉरमॅट मारायची वेळ आलीच तर दुसरी डिस्क सोडवून ठेवायची, एवढं पथ्य तरी पाळता येण्यासारखं आहे.

पुसलं जातं ते नेमकं काय, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. सात-बारा गेला तर चिंता नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सरकारी सर्व्हरवरून मिळतो. पण डहाणू आणि तलासरीसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत असे कितीतरी कागद असतात ज्यांची एकमेव वाचण्याजोगी प्रत कोणाच्या तरी संगणकात असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना जोडलेले पुरावे, वडिलधाऱ्यांचे जबाब, प्लॉटच्या मोजणीचे नकाशे. कागद उधईने खाल्ला, स्कॅन उरला. लग्नात धवलेरीने गायलेली गाणी, तारप्यावरचा नाच, कोणी हौसेने टिपून ठेवलेले वारली शब्द. ग्रामसभेचे जुने ठराव, जे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत टंकले गेले आणि तो फॉन्ट असल्याशिवाय उघडले तर निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसते. फॉरमॅटने असा फॉन्टही जातो, त्याची चावी असलेलं सॉफ्टवेअर जातं, अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राचा आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर जातो, आणि सेवा केंद्र दोन-तीन दिवस बंद राहतं. दाखल्यासाठी पाड्यावरून चालत आलेला माणूस मजुरी बुडवून परत जातो. झटपट फॉरमॅटमध्ये फाइली लगेच नष्ट होत नाहीत, नुसता त्यांचा तक्ता पुसला जातो, हे खरं. त्या सोडवून आणणारे प्रोग्रामही आहेत. पण त्याच जागेवर नवी विंडोज ओतली की कित्येक जीबींचा थर जुन्या फाइलींवर चढतो, आणि एसएसडी असेल तर पुसलेल्या जागा ती स्वतःच्याच कामासाठी रिकाम्या करून टाकते. मग कोणाच्याच हाती काही लागत नाही. एका बाजूला निदानाचा अर्धा तास, दुसऱ्या बाजूला हे सगळं. अर्धा तास परत मिळवता येतो.

आता सगळं क्लाउडवर असतं, मोबाइलमध्ये असतं, डिस्कांचे दिवस गेले, असाही एक आक्षेप येईल. ज्यांच्याकडे दिवसभर टिकणारं नेटवर्क आहे आणि महिन्याची वर्गणी भरायची ऐपत आहे त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. शंभर जीबी फोटो डोंगराआडच्या पाड्यावरून वर चढवून बघा म्हणजे उरलेल्यांचं कळेल. मुळात दुसरी डिस्क आणावी लागते ती याच कारणाने. याहून वजनदार आक्षेप असा की सामान्य माणसाने पेटी उघडू नये, तो भलतंच काही करून बसेल. पण वर सांगितलेल्या निदानातला मोठा भाग पेटी न उघडता होतो: बूटची कळ दाबणं, यादी वाचणं, तारीख पाहणं, आवाज ऐकणं. उरलेल्यात वीज काढून केबली सोडवणं-बसवणं, फार तर रॅम दाबणं किंवा बॅटरी बदलणं एवढंच आहे, आणि ज्या गावात पंपाची मोटर उतरवून पुन्हा बसवणारे हात घरोघर आहेत तिथे हे जमणार नाही असं मानणं मला पटत नाही. अडचण हातांची नाही, माहितीची आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो मुलांना माउस धरायला, पत्र टंकायला, तक्ता मांडायला शिकवलं. ते काम मोठं आहे. आयटीआयमध्ये कोपा हा संगणकाचा व्यवसायही आहे. या अभ्यासक्रमांत संगणक चालू असताना काय करायचं याला भरपूर वेळ आहे. तो चालू झाला नाही तर पडद्यावरची ती एक ओळ कशी वाचायची, याला एक आख्खी दुपार द्यायला हवी, आणि ती मराठीतून. ती ओळ इंग्रजीत आहे म्हणूनच तिची भीती जास्त वाटते.

डिस्क खरोखरच मेलेली असते तो प्रसंग राहिला. आतून ठराविक अंतराने टक-टक आवाज येतो, बायॉस तिला कधी ओळखतो कधी नाही, चालू होता होता संगणक मिनिटभर अडकतो. जुनी डिस्क नेमकी दुसरी बसवायच्या दिवशीच अशी वागू लागली तर तो योगायोग असतोच असं नाही. वर्षानुवर्षं एका जागी गरम राहून फिरणाऱ्या यंत्राला थंड करून, हलवून पुन्हा सुरू करणं हीच त्याच्या आयुष्यातली अवघड वेळ असते. पण अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. तिच्यात जेवढं फिरणं शिल्लक आहे तेवढं पुसण्यात आणि लिहिण्यात घालवायचं नसतं. तिला दुसऱ्या चालू संगणकाला दुय्यम म्हणून जोडायचं, महत्त्वाचे फोल्डर आधी उतरवून घ्यायचे आणि विंडोजने ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. तो प्रश्न विंडोज फार सभ्यपणे विचारते, होकाराचं बटण पुढे करून विचारते, आणि त्याच्या होकाराने जेवढं गेलं आहे तेवढं क्वचितच कशाने गेलं असेल.

म्हणून पेटी दुकानात देताना पावतीवरच लिहून घ्यावं: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. निदानाची मजुरी वेगळी विचारावी आणि ती मागेल तेवढी द्यावी, कारण ते कौशल्य आहे आणि त्याला पैसे मिळाले तरच ते डहाणूत नि कासात टिकेल. बसवलेली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप असं समजू नये. एकाच पेटीत, एकाच एसएमपीएसवर असलेल्या दोन डिस्का जूनमधल्या एका विजेच्या लोळाने एकदमच जातात, तेव्हा वनहक्काचे स्कॅन आणि ठराव तिसऱ्या, कपाटात ठेवलेल्या डिस्कवर हवेत. आणि काम झालं की कुठल्या डिस्कवर विंडोज आहे, ती कुठल्या खाचेत आहे, साटाची पद्धत कोणती, बॅटरी कधी बदलली, हे चार ओळींत लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पुढच्या वेळी ती पेटी उघडणारा माणूस बहुधा दुसराच असेल, आणि त्याला विचारायला आपण तिथे नसू.